रँक म्हणजे वर्षं: फौजेतून पेन्शनवर कधी यायचं

सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना सोळाशे मीटर किती वेळात मारायचे ते सेकंदासकट पाठ असतं. भरती झाल्यावर फौजेत किती वर्षं राहता येतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. "साठीपर्यंत असते ना नोकरी?" असं विचारणारेही भेटतात. मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत शिपाई म्हणून गेलो आणि सुभेदार होऊन पेन्शनवर आलो. शेवटच्या काही वर्षांत जवानांचे प्रमोशनचे, मुदतवाढीचे आणि डिस्चार्जचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. म्हणून हे लिहितोय. फौजेत नव्याने गेलेल्या आणि जायची तयारी करणाऱ्या पोरांनी हे पहिल्याच सुट्टीत वाचावं.

आधी मुख्य गोष्ट. बाहेरच्या सरकारी नोकरीत प्रमोशन झालं नाही तरी माणूस आपल्या खुर्चीवर निवृत्तीच्या वयापर्यंत बसतो. फौजेत तसं नाही. इथे रँकच तुमची वर्षं ठरवते. पायदळासारख्या शाखेत कायम जवानांचा हिशोब असा (अग्निवीरांचं वेगळं, ते पुढे सांगतो): शिपायाची सेवा 17 वर्षांची, नाईकाची 22, हवालदाराची 24, नायब सुभेदाराची 26, सुभेदाराची 28 आणि सुभेदार मेजरची 32. छाननीत पास झालात तर त्यावर दोन वर्षांची मुदतवाढ मिळते. शिवाय वयाची मर्यादा वेगळी: नाईक-हवालदाराला 49, नायब सुभेदार आणि सुभेदाराला 52, सुभेदार मेजरला 54. सेवा आणि वय यांतलं जे आधी भरेल तेव्हा घरी. सुभेदार मेजरच्या पदाला तर चार वर्षांचा कार्यकाळही असतो. काही तांत्रिक ट्रेडचे आकडे वेगळे आहेत, ते आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेजिमेंटच्या कचेरीकडून, घ्या. आमचं बेळगावला आहे.

आता हिशोब करा. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला पोरगा शिपाई किंवा लान्स नाईकच (शिपाई आणि नाईक यांच्या मधला) राहिला तर छत्तीस-अडतिसाव्या वर्षी घरी येतो. त्याचा जोडीदार सुभेदार झाला तर सत्तेचाळीस-एकोणपन्नासला. दहा-अकरा वर्षांचा फरक फक्त खांद्यावरच्या फितीमुळे. म्हणून प्रमोशनकडे फक्त मानाची किंवा पगारवाढीची गोष्ट म्हणून बघू नका. पगारवाढ तर काही प्रमाणात एमएसीपी ह्या योजनेनेही मिळते: 8, 16 आणि 24 वर्षांनी, प्रमोशन झालं नसेल तरी पगाराचा वरचा लेव्हल. वर्षं मात्र एमएसीपीने वाढत नाहीत.

प्रमोशन अडतं कुठे? पहिलं कारण जागा. वरचा माणूस पेन्शनवर गेला किंवा पुढे सरकला की खालची साखळी हलते. एखाद्या वर्षी भरपूर भरती झाली असेल तर ती पूर्ण बॅच पुढे वर्षानुवर्षं एकमेकांच्या पाठीशी उभी राहते, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. दुसरं कारण आपल्या हातातलं असतं: कॅडर (प्रमोशनसाठीचा कोर्स), शिक्षणाची सर्टिफिकेटं, मॅप रीडिंग, एसीआर (वरिष्ठांचा वार्षिक गोपनीय रिपोर्ट), मेडिकल कॅटेगरी (डॉक्टरांनी ठरवलेला तब्येतीचा दर्जा). सुट्टी बुडू नये म्हणून कॅडरला 'अनविलिंग' लिहून देणारे जवान मी पाहिले. सुट्टी संपते, आणि ज्युनिअर पुढे निघून गेलेला असतो. रेड इंक एंट्रीचं, म्हणजे शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदीचंही तसंच. एका रात्रीच्या दारूपायी किंवा सुट्टीवरून उशिरा परतल्यापायी लागलेली लाल शाई कित्येक वर्षांनी बोर्डासमोर उघडते. आणि ईआरईवर, म्हणजे आपल्या पलटणीबाहेरच्या पोस्टिंगवर, फार रमू नका. घराजवळची पोस्टिंग कुणाला नको असते? पण नायब सुभेदारकीसाठी जे रिपोर्ट बघतात, त्यांतले काही रेजिमेंटल ड्यूटीवरचे असावे लागतात. ते वेळेवर जमले नाहीत तर चांगला हवालदारही अडकतो.

सीनिऑरिटी रोल, म्हणजे प्रमोशनसाठी कोण कुणाच्या पुढे आहे त्याची यादी, वाचायला शिका. ह्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. माझ्याकडे एक हवालदार मुदतवाढीचा कागद घेऊन आला होता. चांगला माणूस, सेक्शन हातात धरून ठेवणारा. सही करू की नको, एवढाच त्याचा प्रश्न. मी त्याला बसवलं, रोल पुढ्यात ठेवला आणि पेन्सिल दिली. त्याच्या वरच्या प्रत्येक नावापुढे ते कधी पेन्शनवर जाणार ते लिहायला लावलं. मग वरच्या नायब सुभेदारांच्या तारखा लिहिल्या. कुणाची कॅटेगरी खाली आहे, कुणाचे रिपोर्ट कमी पडतात, हे पलटणीत सगळ्यांनाच माहीत असतं, त्या नावांवर बारीक खूण केली. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. मुदतवाढ घेतली तर त्याचा नंबर अगदी शेवटच्या वर्षात लागू शकत होता, पण खात्री नव्हती.

"साहेब, घरी विचारून सांगतो," तो म्हणाला. संध्याकाळी फोनवर बायकोने त्याला दोनच गोष्टी विचारल्या: "अहो, घराचे हप्ते किती राहिलेत? आणि आल्यावर काय करायचं ते ठरलंय का?" हप्ते दोन वर्षांत फिटणार होते आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. त्याने सही केली. नंबर लागला नाही. पण ती दोन वर्षं त्याने बँकेच्या परीक्षेच्या अभ्यासात घातली, आणि पेन्शनवर आल्यावर त्याला मानद नायब सुभेदारकी मिळाली. हा मान नावापुरता नसतो. हवालदाराला तो मिळाला की पेन्शन नायब सुभेदाराची बसते. त्याच्या घरासाठी तो निर्णय बरोबर होता. ज्याचे हप्ते फिटलेत आणि ज्याची दुसरी नोकरी पक्की आहे, त्याने ह्या हवालदाराचं बघून तसाच कागद भरू नये.

आता पैशाचं. पेन्शनसाठी जवान आणि जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) किमान 15 वर्षं सेवा लागते. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. समजा हवालदाराचं मूळ वेतन 40,400 आणि त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे 5,200. एकूण 45,600, म्हणजे पेन्शन 22,800, वर महागाई भत्ता. तोच शेवटी नायब सुभेदार झाला तर मूळ वेतन 42,300 होतं आणि पेन्शन 23,750. फरक हजाराच्याही आतला. हे पाहून काही जण म्हणतात, एवढ्यासाठी कशाला थांबायचं? पण गणित तिथे संपत नाही. नायब सुभेदार झालात की आणखी दोन वर्षं पूर्ण पगार, इन्क्रिमेंट, ग्रॅच्युइटीत भर. आणि वन रँक वन पेन्शनमध्ये (रँक आणि सेवा सारखी तर पेन्शन सारखी, निवृत्ती कधीही झालेली असो) पुढची प्रत्येक फेरआखणी तुमच्या शेवटच्या रँकवर आणि एकूण सेवेवर होते. आज हजाराचा दिसणारा फरक पुढे वाढत जाऊ शकतो.

वन रँक वन पेन्शनची दुसरी बाजू तर प्रत्येक जवानाने डोळे उघडे ठेवून वाचावी. ही योजना 1 जुलै 2014 पासून लागू आहे आणि दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने ठरते. पण नोव्हेंबर 2015 च्या सरकारी आदेशानुसार, त्यानंतर जे स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी डिस्चार्ज घेतात त्यांना तिचा लाभ नाही. मुदत पूर्ण करून येणं आणि अर्ज करून आधी येणं, ह्यात एवढं मोठं अंतर आहे. हा मुद्दा कोर्टांतही गेलेला आहे. म्हणून रागाच्या भरात किंवा सुट्टी नाकारली म्हणून अर्ज टाकू नका. आधी रेकॉर्ड ऑफिसकडून आजची स्थिती लेखी घ्या. घरी खरंच कुणी सांभाळणारं नसेल, आई-वडील अंथरुणाला खिळले असतील, तर यायलाच हवं. पैशासाठी आई-वडिलांना वाऱ्यावर सोडा असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. पण किंमत माहीत असावी.

माझं मत विचाराल तर, वीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि रोलवर पुढची रँक दिसणाऱ्या माणसाने थांबावं. ज्याची कॅटेगरी कायमची खाली गेली आहे, नाव हलत नाही आणि वय अजून चाळिशीच्या आत आहे, त्याने मुदत पूर्ण करून ताठ मानेने यावं. चाळिशीच्या आतल्या माजी सैनिकाला बाहेर जितकी दारं उघडी असतात तितकी पंचेचाळिशीनंतर नसतात. केंद्राच्या नोकऱ्यांत वयातून सेवेची वर्षं आणि वर तीन वर्षं वजा होतात. सरकारी बँकांत लिपिक वर्गात साडेचौदा टक्के जागा राखीव आहेत. सेवेचं शेवटचं वर्ष उरलं की अर्ज करता येतो, आणि 15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला पदवीशी समकक्ष सर्टिफिकेट मिळतं. ते घेतल्याशिवाय पलटणीचं गेट ओलांडू नका.

तरुणांसाठी एक वेगळी वाट आहे. बारावी पास असाल, वय 20 ते 27 मध्ये असेल आणि दोन वर्षं सेवा झाली असेल तर आर्मी कॅडेट कॉलेजची परीक्षा द्या. शिपायाचा अधिकारी होतो. अधिकाऱ्यांचा हिशोब मग निराळाच: दोन, सहा आणि तेरा वर्षांनी कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल ठरलेल्या वेळी, कर्नलपासून पुढे बोर्डाची निवड, आणि पेन्शनसाठी किमान 20 वर्षं.

अग्निवीरांना तर हा विचार पहिल्या वर्षापासून करावा लागेल. 2022 पासूनच्या भरतीत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के जण कायम होतील आणि त्यांना पुढे किमान 15 वर्षं सेवा करायची आहे. बाकीच्यांच्या हातात सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी येईल, पेन्शन नाही. पोरांनो, कायम व्हायचं असेल तर शूटिंग, पीटी आणि वागणूक पहिल्या दिवसापासून मोजली जातेय असं समजा, आणि सोबत शिक्षण चालू ठेवा. गावी येऊन सेवा निधीत चारचाकी घेणारा पोरगा दिसला की मला रात्री झोप लागणार नाही.

शेवटी कागद. मुदत संपायच्या दोन वर्षं आधी बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, आधारवरचं स्पेलिंग पार्ट टू ऑर्डरशी, म्हणजे फौजेतल्या तुमच्या घरच्या नोंदींशी, जुळतं का ते तपासा. स्पर्शवर (पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा) नोंद चुकली की फॅमिली पेन्शनला बायकोला हेलपाटे घालावे लागतात. कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा किती भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे, ते घरी बसून ठरवा. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत मिळतो, तोवर महिन्याचं हातात कमी येतं. आणि रिलीज मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे फौज सोडतानाच्या डॉक्टरी तपासणीत, पाठ, गुडघा, कान, जे काही सेवेत दुखावलंय ते सगळं सांगा. मर्दानगी दाखवायला ती जागा नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर पुढे ते सिद्ध करायला आयुष्य जातं.