कापलं, मोडलं की फोडलं? घरच्यांकडून क्रियापदं कशी गोळा करायची

लाकूड करवतीने कापतात, झाड कुऱ्हाडीने तोडतात, आणि त्याच कुऱ्हाडीने ओंडका उभा ठेवून घाव घातला की ते होतं लाकूड फोडणं. म्हणजे हत्यार तेच, लाकूड तेच, फक्त घाव लाकडाच्या रेषेला आडवा की रेषेच्या दिशेने यावर शब्द बदलला. पापुआ न्यू गिनीतल्या रॉसेल बेटावरच्या येली द्न्ये भाषेत तर सगळी वाटणी याच तत्त्वावर आहे, रेषेच्या दिशेने एक क्रियापद, आडवं एक, आणि कसेही तुकडे झाले तर तिसरं, बस तीनच! उलट मेक्सिकोतल्या त्सेल्तालमध्ये असल्या कामांना ५० पेक्षा जास्त क्रियापदं आहेत.

तुमच्या घरात यातली कुठली क्रियापदं चालतात हे बघायला पद्धत तयार आहे. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेतल्या लोकांनी २००१ मध्ये कापण्या-तोडण्याच्या ६१ छोट्या क्लिप्स बनवल्या आणि त्या २८ भाषांच्या लोकांना दाखवल्या, त्यात हिंदी आणि तमिळसुद्धा होत्या. आपल्याला एवढ्या नकोत, वीसेक पुरतात.

क्लिप्स मोबाईलवरच काढा, पाचदहा सेकंदांच्या, आवाज बंद. मुख्य गोष्ट ही की एकच वस्तू वेगवेगळ्या तऱ्हेने घ्यायची: गाजर सुरीने, गाजर हाताने कडकन, गाजर बत्त्याने, कापड कात्रीने आणि मग हाताने टर्रकन, कांदा विळीवर आणि दुसरा कांदा बुक्कीने, दोरी कात्रीने आणि ओढून. काठी गुडघ्यावर, नारळ, अंडं, एखादा कान गेलेला कप पण घ्या. काही क्लिप्समध्ये माणूसच नको, फुगा आपोआप गेला, दोरी आपोआप गेली अशा. कारण तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, फाटणं-फाडणं अशा आपल्याकडे जोड्या आहेत, पण 'मी काठी मोडली' आणि 'खुर्ची मोडली' दोन्हीकडे मोडणंच, हे असल्या क्लिप्सशिवाय कळत नाही. आणि फाईलला नाव देऊ नका, नुसते नंबर द्या, 'कांदा चिरताना' असं नाव दिसलं की संपलं सगळं.

आता विचारायचं कसं, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. 'हे कापलं की चिरलं?' असं चुकूनही विचारायचं नाही, आपण शब्द पुरवला की समोरचा तोच उचलतो. 'आजी, हिने काय केलं गं?' एवढंच, आणि आपोआपवाल्या क्लिपला 'काय झालं?'. एकेकाला वेगळं बसवा, आजी आणि नातू एकत्र बसले तर आजी बोलते आणि नातू मान डोलावतो. पहिलं उत्तर पूर्ण वाक्यासकट लिहा, 'विळीवर चिरला' मधला विळीवर पण लिहा, मग विचारा 'अजून कसं म्हणता येईल?' आणि ते वेगळ्या रकान्यात. क्लिप्सचा क्रम प्रत्येकाला बदलून द्या.

शिवाय वय आणि घरात-बाहेर कुठल्या भाषा बोलतात हे टिपून ठेवा. मुंबईत 'ग्लास तुटला' सर्रास ऐकू येतं, हिंदीतून आलंय हे उघड आहे, पण त्याला हसू नका आणि दुरुस्त तर अजिबात करू नका, तुम्हाला डेटा हवाय, शुद्धलेखनाचा तास नाही घ्यायचा. ते काम हाताने करणारा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं, शेतातल्या माणसाला ऊस कोयत्याने कापताना दाखवा, तो तोडणी म्हणेल, आणि देठावरून बोटांनी भाजी घेतली तर खुडली. अडकित्त्याने सुपारी कातरतात हा शब्द माझ्या वयाच्या लोकांकडून येतच नाही.

मग एक शीट करा, आडव्या ओळीत क्लिप आणि उभ्या रकान्यात माणसं. ज्या क्लिप्सना बहुतेकांनी एकच शब्द दिला त्या एका गटात टाका. मॅक्स प्लांकच्या त्या अभ्यासात भाषा कितीही वेगळ्या असल्या तरी मोठी फारकत एकाच ठिकाणी पडली, वस्तू नेमकी कुठे तुटणार हे आधी सांगता येतं का. सुरी जिथे टेकवली तिथेच कापलं जाणार, हातोडीचं काही खरं नाही. त्यानंतर फाडणं वेगळं निघतं, आणि मग काडकन मोडणं वेगळं, चुरा करणं वेगळं, म्हणजे आपलं मोडणं-फोडणंच की! बारीक वाटण्या मात्र ज्याच्या त्याच्या, डचमध्ये कात्रीला क्निपन आणि सुरीला स्नायडन, इंग्रजीत दोन्हीला कट.

आणि लग्न मोडलं, नोट मोडली, पेपर फुटला, शांतता भंगली हे लोक मध्येच सांगायला लागतात, मजा येते ऐकायला, त्यांना थांबवू नका, पण ते दुसऱ्या शीटमध्ये टाका, नाहीतर पेपर फुटला आणि नारळ फुटला एकाच गटात जाऊन बसतील.