एकट्याने सीलिंगला जिप्सम बोर्ड लावायचाय? लिफ्ट उभी करण्याआधी हे उरकून घ्या

लिफ्ट, म्हणजे बोर्ड सीलिंगपर्यंत उचलून धरणारं चाकांचं स्टँड, वजन पेलते, पण वर गेलेल्या बोर्डामागचं काही दिसत नाही. त्यामुळे पहिलं काम फ्रेमचं. प्रत्येक चॅनेलची (बोर्ड ज्याला स्क्रूने बसतो त्या फ्रेमच्या पट्टीची) मधली रेघ समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर, बोर्डाच्या पातळीखाली दिसेल अशी पेन्सिलीने उतरवा. ही रेघ नसली की अर्धे स्क्रू हवेत जातात. दिव्यांच्या जागा दोन भिंतींपासून मोजून लिहून ठेवा, वायरी वर बांधा आणि मेन बंद करा.

बोर्ड आदल्या दिवशीच खोलीत आणा. भिंतीला टेकवताना गुळगुळीत दर्शनी बाजू भिंतीकडे ठेवा. मग तसाच उचलून लिफ्टच्या पाळण्यावर (बोर्ड ठेवायच्या वरच्या चौकटीवर) टेकवला की दर्शनी बाजू आपोआप खाली येते. उलटापालट करताना कोपरे टिचतात. १२२० × २४४० मिमीचा, १२.५ मिमी जाडीचा बोर्ड साधारण २५ किलोचा असतो. बऱ्याच लिफ्टची क्षमता ६८ किलोच्या आसपास असते, म्हणून दोन बोर्ड एकदम चढवण्याचा मोह होतो. तो टाळा. माप दोन्ही टोकांना घ्या, कारण खोली क्वचितच काटकोनात असते, आणि कापताना भिंतीकडे ३ ते ५ मिमी फट सोडा.

जमीन झाडून घ्या. चाकाखाली एक स्क्रू आला तरी लिफ्ट अडते आणि वरचा बोर्ड झोका खातो. विंचची (हँडलने फिरणाऱ्या, बोर्ड वर ओढणाऱ्या चक्राची) तार पूर्ण सोडून बघा: एखादा धागा तुटलेला असेल तर लिफ्ट बदला. ब्रेक तपासायला बोर्ड अर्धा मीटर उचलून हँडल सावकाश सोडा. थोडाही घसरला तर पुढे जाऊ नका. बोर्डाचा मध्य लिफ्टच्या खांबावर हवा आणि वर नेताना चाकं लॉक.

ड्रिलमध्ये डेप्थ-स्टॉपचा, म्हणजे स्क्रू ठरावीक खोलीवर थांबवणारा, बिट लावा. मेटल चॅनेलला २५ मिमीचे स्क्रू, लाकडाला ३२ मिमीचे जाड आट्यांचे. ते कमरेच्या पिशवीत ठेवा. घोड्यावरून (उभं राहायच्या उंच स्टुलावरून) उतरून आणायला जाणं म्हणजे निम्मा दिवस तिथेच. घोडाही आधीच जागेवर ठेवा. गॉगल आणि मास्क लावाच, भुकटी थेट तोंडावर येते.

सगळ्यात जास्त चुका हँडलच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत होतात. बोर्ड चॅनेलला टेकला की थांबा. आणखी फिरवलं तर पातळ चॅनेल वर वाकतं, आणि लिफ्ट उतरवल्यावर बोर्डाला पोट सुटतं. टेकल्यावर प्रत्येक चॅनेलवर किमान दोन स्क्रू मारा, मध्यापासून कडांकडे, कडेपासून १० मिमी आत. स्क्रूचं डोकं किंचित आत जावं, कागद फाटता कामा नये. फाटला तर तो स्क्रू धरत नाही, बाजूला दुसरा मारा. मग हँडल घट्ट धरूनच ब्रेक सोडा आणि पाळणा हळूहळू उतरवा. उरलेले स्क्रू नंतर निवांत.