घरचंच जेवून वजन कसं उतरवायचं: एका किराणा दुकानदाराचा हिशेब

खिचडीवर तेल घेतल्याशिवाय आमच्या घरात ती कुणाच्या घशाखाली उतरत नाही. गरम खिचडी, वरून शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार, भाजलेला उडदाचा पापड आणि कैरीचं लोणचं. आमच्या खान्देशातल्या अमळनेरात रात्री कुठल्याही गल्लीतून जा, दोन-चार घरांतून तरी हाच वास येतो. तीन वर्षांपूर्वी एका रात्री मी दुकानातला छोटा काटा घरी नेला, वाढलेलं ताट त्यावर ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि रोजच्यासारखी तेलाची धार सोडली. काट्यावर २२ ग्रॅम आले. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे त्या धारेच्या दोनशे झाल्या. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी खाल्ली तरी साधारण तेवढ्याच होतात. भाकरी मी मोजून खात होतो, तेल मात्र कधी मोजलंच नव्हतं.

तेव्हा माझं वय ४७, उंची ५ फूट ६ इंच आणि वजन ८४ किलो होतं. कंबर १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढची कंबर धोक्याची मानतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (HbA1c) ६.१ टक्के आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वडिलांचा पाय मधुमेहापायी गेलेला आहे, त्यामुळे तो कागद हातात आल्यावर मी घाबरलो, हे सरळ सांगतो. पुढच्या अकरा महिन्यांत ११ किलो उतरले आणि तपासणी ५.६ वर आली. या सगळ्या काळात मी घरच्या चुलीवरचं, घरच्यांबरोबरचंच जेवलो. ते कसं जमवलं, तेवढंच इथे लिहितो. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावं. औषध तेवढंच राहिलं आणि अन्न कमी झालं तर साखर अचानक खाली जाते.

आधी मी काय चुकलो ते ऐका. घाबरून मी रात्रीचं जेवण बंद केलं आणि काकडी-टोमॅटोवर राहिलो. सौ. माझ्यासाठी वेगळं करायची, मुलांसाठी वेगळं, आईसाठी वेगळं. नवव्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाईकाला शेव मोजून देता देता मीच पाव किलोचं पुडकं फोडलं आणि उभ्याउभ्या संपवलं. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. दोन-तीन रात्रींच्या उपाशीपणाची कमाई तिथेच गेली. त्या दिवशी ठरवलं की घरात स्वयंपाक एकच होईल, बदल फक्त माझ्या ताटात होईल.

म्हणून पहिला आठवडा काही कमी करू नका, फक्त मोजा. घरात काटा नसेल तर वाटी आणि चमचा पुरतो. तुमच्या घरची वाटी नेमकी किती मिलीलीटरची आहे ते पाण्याने मोजून घ्या, कारण आमच्याच घरात १२० पासून २२० पर्यंतच्या वाट्या निघाल्या. मी सात दिवस वहीत लिहिलं. एका भाकरीला पीठ किती, तर ९० ग्रॅम, म्हणजे जवळपास ३१० कॅलरी. दुपारी तीन भाकरी. दिवसभरात सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साठ ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी, पोटाला आधार काही नाही. गल्ल्याजवळच्या बरणीतून येता-जाता मूठभर शेंगदाणे. एक मूठ ३० ग्रॅमची, तिच्या १७० कॅलरी, आणि अशा तीन मुठी व्हायच्या. वही बघून माझ्या लक्षात आलं की पंगतीला बसून जे खातो त्यापेक्षा उभ्याने जे खातो त्याने मी वाढलो होतो.

शेंगदाणे वाईट नाहीत, आपल्या मातीतलं सोनं आहे ते. पण बरणी हाताशी नको. मी ती मागच्या फळीवर ठेवली आणि रोज सकाळी एक मूठ वाटीत काढून ठेवायला लागलो. चहा तीनवर आणला, साखर एक चमचा. पहिले दहा दिवस चहा औषधासारखा लागला, नंतर जीभ वळली. नुसत्या चहातून रोजच्या १८० कॅलरी वाचल्या.

आता तेलाचं, कारण खान्देशी स्वयंपाकात खरी मेख तिथे आहे. आम्ही सहा माणसं. दुकानाच्या वहीत घरखर्चाचं तेल महिन्याला आठ लिटर लिहिलेलं होतं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तीस दिवस आणि सहा माणसं धरली तर माणशी रोज ४० ग्रॅम, म्हणजे ३६० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तुम्हीही तुमच्या घरचा डबा किती दिवस पुरतो यावरून हा हिशेब पाच मिनिटांत काढू शकता. कुठल्याही तक्त्यापेक्षा तो खरा असतो.

आम्ही महिन्याच्या एक तारखेला पाच लिटर वेगळं काढून ठेवायला सुरुवात केली, आणि महिना त्यातच काढायचा. सौ.ने खोबरं-कांदा तेलात परतण्याऐवजी कांदा आचेवर अख्खा भाजायला आणि खोबरं कोरडंच तव्यावर लालसर करायला घेतलं. काळ्या मसाल्याची चव तिळभरही उतरली नाही, उलट भाजक्या कांद्याने रस्सा जास्त खमंग झाला. असं करून माणशी तेल २५ ग्रॅमवर आलं, रोज माणशी सव्वाशेच्या वर कॅलरी कमी, आणि घरात कुणी तक्रार केली नाही. मुलांच्या आणि आईच्या भाकरीला मात्र हात लावायचा नाही. वाढत्या वयाच्या पोराने आणि ७८ वर्षांच्या म्हातारीने माझ्या पोटासाठी कमी खायचं कारण नाही.

शेवभाजी मी सोडली नाही, आणि तुम्हीही सोडू नका. तिच्यात दोन गोष्टी जड असतात, तर्री आणि शेव. रस्सा वाढून घेताना पळीच्या पाठीने वरची तर्री बाजूला सारायची आणि खालचा रस्सा घ्यायचा. तर्री पाहुण्यांना जाऊ द्या, त्यांना आवडतेच. शेव ताटावर बसल्यावर घालायची, मोजून तीस ग्रॅम, म्हणजे दोन चिमट्या नव्हे, एक भरपूर मूठ. पूर्वी मी शंभर ग्रॅमपर्यंत जायचो. भाजी उरली की शेव आणखी, शेव उरली की भाजी आणखी, असं ते चक्र चालायचं.

भाकरीचं सांगतो. तीनवरून एकदम एकावर आलो असतो तर परत शेवेच्या पुडक्यापर्यंत पोचलो असतो. पहिले पंधरा दिवस अडीच, मग दोन, मग दीड. दीडवर थांबलो, त्याखाली गेलो नाही. कमी झालेल्या जागी काहीतरी भरलंच पाहिजे, नाहीतर भूक सूड घेते. दुपारी दोन वाट्या भाजी, एक वाटी घट्ट वरण किंवा मठाची, म्हणजे मटकीची, उसळ, आणि शेवटी ताक. कळण्याची भाकरी असेल त्या दिवशी मला एकच पुरते. आमच्याकडे चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे काळे उडीद घालून दळतात. उडदातल्या प्रथिनांमुळे ती भाकरी पोटात दुपारभर टिकते. बाजारातल्या पाकिटातल्या महागड्या पिठांपेक्षा हे आपलं जुनं दळण कितीतरी चांगलं आहे, आणि हे मी ती पाकिटं विकणारा माणूस म्हणून सांगतोय.

हिवाळ्यात भरताच्या पार्ट्या सुरू होतात. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर, हिरवी वांगी भाजायची, मिरची-लसणाबरोबर ठेचायची, कांद्याची पात घालायची. वांग्यात काहीच नाही, शंभर ग्रॅमला पंचवीसेक कॅलरी. जे काय ते फोडणीत आणि कळण्याच्या पुऱ्यांत. मी जाताना घरून एक भाकरी रुमालात बांधून नेतो. भरीत पोटभर भाकरीबरोबर खातो आणि पुरी एक, चवीला. वरण-बट्टीच्या पंगतीतही तसंच: उकडून तळलेली बट्टी एक, वरण दोनदा, वांग्याची घोटलेली भाजी हवी तेवढी. वरणावर तूप चमच्याने, वाटीने नाही.

पण खरी परीक्षा असते ती आग्रहाची. नको म्हटलं की वाढणाऱ्याला वाटतं आपलं काही चुकलं, आणि तो दुप्पट जोराने वाढतो. मी नको म्हणणं सोडलं. मी म्हणतो, "अर्धी द्या." अर्धी वाढून त्याचंही मन राहतं आणि माझंही पोट. दुसरं म्हणजे ताट कधी रिकामं ठेवायचं नाही. शेवटचे दोन घास राहू द्यायचे आणि सगळ्यांबरोबर ते संपवायचे. घरी आईचं अवघड होतं. माझं ताट बघून ती रोज अहिराणीत म्हणायची, "इतलंच? आनखी अर्धी ली ले (घे) भाऊ." तिला कॅलरी सांगून काय उपयोग? मी तिला वडिलांच्या पायाची आठवण दिली. ती गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने भाकरीऐवजी ताकाचा तांब्या माझ्यापुढे सरकवायला सुरुवात केली. घरातल्या वाढणाऱ्या बाईला खरं कारण सांगा. तिला वाढायचं असतंच, काय वाढायचं तेवढं तुम्ही सुचवा.

जेवणाच्या वेळेला लोक फार महत्त्व देतात. माझ्या अनुभवात किती खाल्लं हे आधी, कधी खाल्लं हे नंतर. पण दुकान बंद करून रात्री दहाला जेवायचो तेव्हा आठ वाजल्यापासून भूक लागून फरसाणाकडे हात जायचा. आता साडेआठला मुलगा गल्ल्यावर बसतो आणि मी घरी जेवून येतो. एवढ्याने संध्याकाळचं खाणं आपोआप बंद झालं. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून दुसऱ्यांदा घेण्याआधी मी ताक पितो, थोडं बोलत बसतो. बहुतेक वेळा मग हात भाकरीकडे जातच नाही.

वजन मी सोमवारी सकाळी करतो, पोत्यांच्या काट्यावर, उपाशी पोटी, दुकान उघडण्याआधी. रोज करू नका. मीठ, पाणी, पोट साफ होणं न होणं, यांवर एक-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि माणूस उगाच खचतो किंवा फुशारतो. पहिल्या दोन महिन्यांत माझे चार किलो गेले, नंतर महिन्याला किलोभर, कधी तेवढंही नाही. ७८ वर तर सात आठवडे काटा हलला नाही. तेव्हा कळलं की अंग हलकं झालं की त्याला लागतंही कमी. मग मी सकाळी बोरी नदीच्या काठाने पस्तीस-चाळीस मिनिटं झपझप चालायला लागलो आणि रात्रीच्या ताटातून भाताची एक पळी कमी केली. चालण्याने जेमतेम दीडशे कॅलरी जातात. परतीच्या वाटेवर कचोरीच्या गाडीपाशी थांबलात तर ते चालणं तिथेच फिटलं. तरीही चाला, साखरेसाठी आणि गुडघ्यांसाठी चाला.

एक हिशेब मला फार धीर देऊन गेला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. अकरा किलोंना अकरा महिन्यांत वाटलं तर दिवसाला अडीचशेच पडतात. खिचडीवरची ती तेलाची धार आणि दोन चहांची साखर, झाले अडीचशेच्या वर.

सणांना मी वही मिटून ठेवतो. कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट घरच्यांनीच संपवायचे असतात, ते मी आनंदाने संपवतो, त्या दिवसांत वेगळी भाकरी करत नाही इतकंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचा पुरणाचा मांडा आणि आमरस यांच्यापुढे मोजमाप काढणं मला पटत नाही. वर्षाचा सण आहे, लेकी माहेरी आलेल्या असतात. दुपारी मनसोक्त जेवतो आणि रात्री भूक नसतेच, तर ताक पिऊन झोपतो. उरलेले मांडे मात्र दुसऱ्या दिवशी शेजारी आणि दुकानातल्या पोराच्या घरी जातात. यंदा आखाजीनंतरच्या सोमवारी काट्यावर सव्वा किलो जास्त दिसलं. मी नेहमीचं दीड भाकरीचं ताट घेतलं, खिचडीवर चमचाभरच तेल घातलं, आणि पुढच्या सोमवारी काटा परत ७३ वर होता.