सेटअप अडला की लगेच फॉरमॅट मारू नका

फेब्रुवारी उजाडला की सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात. नेमक्या त्याच दिवसांत अडत दुकानातून फोन येतो, "अकाउंटिंगचं अपडेट टाकत होतो, मधेच थांबलं. आता जुनं पण उघडंना." दुरुस्तीला जाणारा नवीन पोरगा खिशातला विंडोजचा पेन ड्राइव्ह चाचपतच निघतो. फॉरमॅटनं काम होतं, हे खरं. पण त्यासोबत डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, काटापट्टीच्या प्रिंटरची सेटिंग, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स हे सगळं जातं. ते परत बसवायला अर्धा दिवस मोडतो आणि शेठ पैसे मात्र फॉरमॅटचेच देतात. विंडोजच्या फाइल जागेवरच दुरुस्त करायला शिका, निम्मे फॉरमॅट टळतील.

मात्र प्रत्येक अडलेल्या सेटअपमागे करप्ट फाइल असतेच असं नाही. आधी साध्या गोष्टी बघा. सी ड्राइव्हला निदान २० जीबी मोकळी जागा आहे का? तारीख-वेळ बरोबर आहे का? सेटअपची फाइल स्वतः धड आहे का? चार मशिनांत फिरलेल्या पेन ड्राइव्हवरचा सेटअप पुष्कळदा अर्धवट कॉपी झालेला असतो. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर उघडा. सही वैध दिसत नसेल तर कंपनीच्या साइटवरून फाइल नव्यानं उतरवा. मग मशिन रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं वेगळं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये खरी नवी सुरुवात होते. एरर १६१८, म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, ही बहुतेक वेळा एवढ्यानंच जाते.

यानंतर लॉग, म्हणजे सेटअपनं काय काय केलं त्याची नोंद. हे काम सगळे टाळतात आणि इथंच खरी विद्या आहे. पडद्यावर दिसणारी एरर १६०३ म्हणजे फक्त 'इन्स्टॉलेशन फसलं', का फसलं ते त्यात नाही. सेटअपची फाइल एमएसआय प्रकारची असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एमएसआयएक्झेक /आय', पुढे फाइलचं नाव, मग '/एल*व्ही' आणि लॉग कुठे लिहायचा ती जागा द्या. (कमांड इथं उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या.) सेटअप ईएक्सई असेल तर त्याचा लॉग बहुधा टेम्प फोल्डरमध्ये सापडतो. लॉग हजारो ओळींचा असतो, घाबरू नका. नोटपॅडमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा आणि तिथून वरच्या १५-२० ओळी वाचा. खरा गुन्हेगार तिथं बसलेला असतो. फोल्डरवर 'सिस्टिम' या खात्याला फुल कंट्रोल नाही, एखादी सर्व्हिस सुरू होत नाही, डॉटनेट (बऱ्याच सॉफ्टवेअरला लागणारा मायक्रोसॉफ्टचा घटक) मिळत नाही, किंवा जुनी आवृत्ती काढता येत नाही. शेवटचं कारण दिसलं तर समजा, कुणीतरी जागा करायला विंडोजमधला लपवलेला 'इन्स्टॉलर' फोल्डर साफ केलाय. जुनं सॉफ्टवेअर काढायला आणि अपडेट करायला लागणाऱ्या फाइल तिथंच असतात. जुन्या आवृत्तीचा तोच सेटअप मिळवून वरून रिपेअर करणं हा त्यातला सरळ मार्ग.

लॉगमध्ये विंडोजच्याच डीएलएलचं (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती फाइल) किंवा सर्व्हिसचं नाव आलं, तरच पुढच्या दुरुस्तीकडे वळा. त्याआधी डिस्क बघा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या तीन ओळींचे 'रॉ व्हॅल्यू'चे आकडे शून्य हवेत. सी५ वाढत असेल तर डिस्क मरायला टेकली आहे. अशा डिस्कवर खराब सेक्टर शोधणारी 'चेकडिस्क /आर' (chkdsk) लावणं म्हणजे दमेकऱ्याला अजिंक्यताऱ्यावर पळवणं. आधी डेटा बाहेर काढा, डिस्क बदला. नुसता सी७ वाढलेला असेल तर संशय डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलवर घ्या, नवी घालून बघा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीत एक प्रश्न विचारायलाच हवा: मशिनला कधी पाणी लागलं होतं का? कनेक्टरच्या टोकाला हिरवट गंज दिसला तर उत्तर मिळालंच.

डिस्क ठणठणीत असेल तर मुख्य काम. दोन हत्यारं आहेत, डिस्म आणि एसएफसी, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. एसएफसी सिस्टिम फाइल तपासतं आणि बिघडलेली फाइल बदलून चांगली ठेवतं. ती चांगली फाइल ते आणतं विंडोजमधल्या विनएसएक्सएस या कोठारातून. कोठारातलं धान्यच किडलं असेल तर एसएफसी कितीही वेळा चालवा, 'करप्ट फाइल सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत' हेच ऐकायला मिळेल. म्हणून आधी कोठार नीट करायचं, म्हणजे डिस्म. (विंडोज ७ मध्ये हा डिस्मचा पर्याय नाही, तो ८ पासून पुढे.)

'डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्कॅनहेल्थ' नुसतं तपासतं. दुरुस्तीसाठी शेवटचा शब्द '/रिस्टोअरहेल्थ' करा. प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक स्पेस. नेट चालू हवं, कारण चांगल्या फाइल विंडोज अपडेटमधून येतात. १० मिनिटं ते अर्धा तास धरून चला, जुन्या हार्ड डिस्कवर जास्तच. ६२.३ टक्क्यांवर आकडा गोठल्यासारखा दिसतो, तिथं खिडकी बंद करू नका. चहा घ्या. मग रीस्टार्ट, मग 'एसएफसी /स्कॅननाऊ'. यात स्कॅन आणि नाऊ जोडून लिहायचं. दुरुस्ती झाल्याचा संदेश आला तरी एकदा पुन्हा चालवा, 'बिघाड सापडला नाही' असं येईपर्यंत. तरीही काही फाइल अडल्या तर त्यांची नावं विंडोज, लॉग्ज, सीबीएस या फोल्डरातल्या सीबीएस लॉगमध्ये 'एसआर' खुणेच्या ओळींत मिळतात.

एसएफसी 'रिपेअर सर्व्हिस सुरू करता आली नाही' म्हणालं तर सर्व्हिसेसमध्ये विंडोज मॉड्युल्स इन्स्टॉलर डिसेबल केलेली आहे का बघा, असेल तर मॅन्युअल करा. मशिन हलकं करण्याच्या नादात लोक ती बंद करून ठेवतात.

डिस्मनं ०एक्स८००एफ०८१एफ दाखवलं तर त्याला फाइल मिळाल्या नाहीत. मग आयएसओ, म्हणजे विंडोजच्या पूर्ण सेटअपची एकच फाइल लागते, आणि तो मशिनवरच्याच आवृत्तीचा, भाषेचा हवा. २२एच२ या विंडोज आवृत्तीच्या मशिनला दुसरा आयएसओ दिला की तीच एरर परत. आयएसओवर डबल क्लिक करा, समजा ई ड्राइव्ह तयार झाला. आधी 'डिस्म /गेट-विमइन्फो' नं त्यातली विंडोजची होम एडिशन कितवी, प्रो कितवी ते बघा. मग मूळ कमांडला '/सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:' आणि लगेच तो क्रमांक जोडा, शेवटी '/लिमिटअ‍ॅक्सेस'. आत विमऐवजी ईएसडी फाइल असेल तर दोन्ही ठिकाणी ईएसडी लिहा. जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला डॉटनेट ३.५ लागतं, तेही याच आयएसओच्या सोर्सेसमधल्या एसएक्सएस फोल्डरातून बसतं.

व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही, असं आलं तर ती एकटी डीएलएल कुठल्या तरी साइटवरून आणून सिस्टिम३२ मध्ये टाकू नका. व्हायरसला आवतण देण्याचा तो प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या आणि ६४ बिट मशिनवर एक्स८६ (३२ बिट), एक्स६४ (६४ बिट) दोन्ही बसवा, कारण ३२ बिट सॉफ्टवेअरला ३२ बिटचंच लागतं.

एवढं करूनही अडलं तर फॉरमॅटच्या अलीकडे एक पायरी उरते. चालू विंडोजमध्येच आयएसओतला सेटअप चालवा आणि 'फाइल व अ‍ॅप ठेवा' निवडा. हा पर्याय पुसट दिसला तर आयएसओची एडिशन किंवा भाषा जुळत नाहीये. आधी बॅकअप, आणि बिटलॉकर (विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की हातात.

फाइल मुळात बिघडल्या कशानं? कुपवाड एमआयडीसीत काय किंवा खेड्यातल्या सेवा केंद्रात काय, अपडेट चालू असताना लाइट गेली हे नेहमीचं कारण, तिथं यूपीएसची बॅटरी तपासा. यूपीएस चांगला, डिस्क चांगली आणि तरी त्याच मशिनवर १५ दिवसांत पुन्हा करप्शन, तर रॅमकडे वळा. दोन पट्ट्या असतील तर एकेक ठेवून रात्रभर मेमटेस्ट८६ लावा. एकही एरर आली तर ती पट्टी बाद.