फ्लोरिडाच्या स्प्रिंग्जमध्ये फोटो काढायचेत? आधी लांबून काढायची सवय सोडा

थंडी पडायला लागली, फ्लोरिडाच्या स्प्रिंग्जमध्ये म्हणजे कोमट झऱ्यांत मॅनेटी (अवाढव्य समुद्रगायी) उबेला यायला लागल्या, की टँपा-ऑर्लँडोकडे नवीन आलेल्या आपल्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात, पाण्याखाली फोटो काढायला कॅमेरा कुठला घेऊ, हाउसिंग (कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ पेटी) कुठलं घेऊ, फिशआय लेन्स परवडेल का. तुम्हाला ॲपर्चर-शटर कळतं असं धरून चालतो. आणि हाउसिंग बजेटप्रमाणे घ्या हो, पहिल्या वर्षी त्याने काही फार फरक पडत नाही.

फरक पडतो तो अंतराने. यावर जरा लांबण लावणार आहे, कारण मी यातच सगळ्यात जास्त रखडलो.

इथलं पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपत, गाळून वर येतं, वर्षभर साधारण 22 अंशांवर, आणि इतकं नितळ की 25 फुटांवरचा 'गार' नावाचा मासा काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा दिसतो. मग वाटतं, दिसतंय ना स्वच्छ, काढा इथूनच. घरी येऊन स्क्रीनवर बघावं तर सगळं निळसर-हिरवं, धुरकट, मॅनेटी म्हणजे नुसता राखाडी ठिपका. कारण उजेडाचा हिशोब फक्त खोलीचा नसतो, जनावरापासून तुमच्या लेन्सपर्यंतचं आडवं अंतरही त्यात धरायचं. मॅनेटी 6 फूट खोल आणि तुम्ही 15 फूट लांब, तर उजेड 21 फूट पाण्यातून आलाय, त्यात लाल रंग बराचसा गळाला आणि तरंगणाऱ्या बारीक कणांनी कॉन्ट्रास्ट खाल्ला. त्यात मास्कची गंमत वेगळी, 4 फुटांवरची वस्तू 3 फुटांवर वाटते, म्हणजे "आलो की जवळ" असं वाटतं तेव्हाही आपण लांबच असतो. आणि हे एडिटिंगमध्ये निघत नाही. डीहेझचा स्लायडर ओढून नॉइज वर येतो, मॅनेटी येत नाही. कुणी प्रीसेट विकत असेल तर ते पैसे वेटसूटला (पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी सूटला) ठेवा.

म्हणजे वाइड लेन्स आणि हातभर अंतर. पण इथेच दुसरी मेख आहे, जवळ जायला तुम्हाला परवानगी नाही. मॅनेटीचा पाठलाग करायचा नाही, वरून सूर मारायचा नाही, तिला घेरायचं नाही, आई आणि पिल्लाच्या मध्ये जायचं नाही, झोपलेलीला उठवायचं नाही. क्रिस्टल रिव्हरला पाण्यात उतरून मॅनेटी बघता येतात, तशी कायदेशीर सोय अमेरिकेत जवळपास कुठेच नाही, म्हणून तिथे नियमही कडक आहेत आणि ते मोडले तर नुसत्या दंडावर भागत नाही. "फेस शॉट गॅरंटीड" म्हणणाऱ्या वर्कशॉपवाल्यांपासून म्हणूनच लांब राहा. अशा एका ग्रुपसोबत मी गेलोय, गुरुजी स्वतःच फिन्स मारत सगळ्यांच्या पुढे, मागे आम्हाला फक्त उडालेला गाळ. माझं मत विचाराल तर असल्या गुरूपेक्षा कयाक भाड्याने देणारा म्हातारा जास्त शिकवतो, थंडीची लाट कधी येणार, मॅनेटी कुठे गोळा होणार, गर्दी किती वाजता होते, सगळं त्याला पाठ असतं.

करायचं काय, तर पाण्यावर पालथं पडून राहायचं. खरंच एवढंच. 5 मिलिमीटरचा वेटसूट घाला, तो तरंगवतो, त्यामुळे पाय हलवावे लागत नाहीत, आणि 22 अंश सुरुवातीला कोमट वाटले तरी तासाभरात दात वाजायला लागतात आणि कॅमेराही हलतो. तळाला पाय टेकवू नका, एकदा गाळ उठला की तुमचा आणि बाकीच्यांचाही अर्धा तास गेला. मॅनेटी मुळात चौकस असते, कधीकधी आपणहून येऊन अगदी डोमला (हाउसिंगच्या पुढच्या गोलाकार काचेला) नाक लावते. नाही आली तर नाही आली. रिकाम्या हाताने परत यायची सवय लागते, घाबरू नका.

सेटिंग्जचं थोडक्यात. रॉ, शटर 1/250 च्या आसपास, डोम असेल तर एफ/8 किंवा त्याहून बारीक, नाहीतर कोपरे सॉफ्ट होतात. पांढऱ्या वाळूवर मीटर गंडतो, मॅनेटी काळी पडते आणि वाळूवरच्या उन्हाच्या रेघा मात्र जळतात, म्हणून हिस्टोग्राम बघत राहा. फ्लॅश नकोच. एवढ्या उथळ पाण्यात लाल फिल्टरही मला फालतू वाटतो, उजेड खातो, त्यापेक्षा वाळूवर व्हाइट बॅलन्स घ्या. हाउसिंग घरी एसीत बंद करून न्या, बाहेरच्या दमट हवेत बंद केलं तर पाण्यात गेल्यावर काच आतून धुरकटणारच.

पोहता येत नसेल तरी काही बिघडत नाही. ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कला साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत पोहणं बंदच असतं, तिथे लाकडी बोर्डवॉकवरून पोलरायझर लावून काढायचे. 2024 च्या जानेवारीत एका दिवशी तिथे 932 मॅनेटी मोजल्या होत्या, तेव्हा फ्रेम मिळेल की नाही ही काळजी नको. कडाक्याच्या थंडीनंतरची सकाळ पकडा, शनिवार-रविवार टाळा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जिनी स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी गुहेचं तोंड दिसतं, आत निळा उजेड फार सुंदर दिसतो. केव्ह डायव्हिंगचं ट्रेनिंग नसेल तर आत जायचं नाही, फोटोसाठी दोन मिनिटं सुद्धा नाही. यमदूताचं चित्र आणि धोक्याची सूचना लिहिलेल्या पाट्या तिथे उगाच लावलेल्या नाहीत, चांगले शिकलेले डायव्हर्स आत गेलेत आणि आलेले नाहीत.

आणि सुरुवात मॅनेटीपासून करूच नका. उन्हाळ्यात रेनबो स्प्रिंग्जला जा, ब्लूगिल मासे, कासवं, गवतातले बारके मासे, सगळे फुकटचे मॉडेल. त्यांच्यावर हातभर अंतर जमलं की डिसेंबरसाठी कयाक बुक करा, मंगळवार-बुधवारचा, सकाळचा पहिला स्लॉट.