डेम्पस्टर हायवेवर निघताय? या चुका टाळा

कॅनडाच्या युकॉनमध्ये डॉसन सिटीपासून ४० किलोमीटरवर डेम्पस्टर हायवे सुरू होतो आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून साधारण ७४० किलोमीटरवरच्या इनुविक गावी पोहोचतो. जवळपास सगळा खडीचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक टायरची. इथल्या शेल दगडाच्या कडा धारदार असतात आणि त्या टायरची बाजूच चिरतात. ट्यूबलेसच्या पंक्चर किटने तळाचं भोक बुजतं, बाजूची चीर नाही. डिकीतली बारकी तात्पुरती स्टेपनी या खडीवर टिकत नाही. पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या, दहा-प्लायचे (जाड, मजबूत) टायर आणि बारा व्होल्टचा कंप्रेसर, एवढं हवंच. जॅकखाली ठेवायला जाड प्लायवूडचा फूटभर तुकडा घ्या, नाहीतर जॅक खडीत रुततो. चाक बदललं की ५० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा. आणि वेग साठ-सत्तरच्या वर नकोच. टायर फुटतात ते बहुधा घाईने.

घाईचा या रस्त्याशी जुना संबंध आहे. डिसेंबर १९१० मध्ये कॅनडाच्या माउंटेड (घोडेस्वार) पोलिसांची चौघांची तुकडी उत्तरेकडच्या फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाली. लवकर पोहोचायचं म्हणून शिधा कमी घेतला, वाटेत भेटलेल्या स्थानिक ग्विचिन जमातीच्या वाटाड्याला परत पाठवलं. पुढे वाट चुकली आणि चौघेही दगावले. मार्च १९११ मध्ये त्यांचे मृतदेह शोधून काढणाऱ्या कॉर्पोरल डेम्पस्टरचंच नाव या रस्त्याला आहे. हे वाचूनही लोक शिधा आणि पेट्रोल मोजूनमापून नेतात, याचा खरंच राग येतो.

पेट्रोल: सुरुवातीच्या फाट्यावरच टाकी भरा. पुढचा पंप ईगल प्लेन्सला, ३६९ किलोमीटरवर, आणि खडीवर गाडी जास्त पिते. एक कॅन सोबत असू द्या.

समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरका. उडणाऱ्या खडीपासून काच वाचते.

मधल्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही. सॅटेलाइट उपकरण न्या.

भाड्याची गाडी असेल तर करारात खडीचा रस्ता चालतो का, हे आधी वाचा.

वाटेतल्या पील आणि मॅकेन्झी नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता; बर्फ धरताना आणि फुटताना दोन्ही बंद. त्यामुळे मे महिन्यात आणि हिवाळ्याच्या तोंडावर इनुविकचा बेत आखू नका.

हाताशी दोनच दिवस असतील तर इनुविक सोडा. ७१ व्या किलोमीटरवर टूम्बस्टोन पार्कचं माहिती केंद्र आहे. तिथे तंबू ठोका आणि डोंगर पायी बघा.