जस्ताच्या पिस्तुलाला पोलाद समजू नका

जुन्या पिस्तुलाच्या स्वस्त, शोभेच्या प्रतिकृतीची सगळ्यात जास्त मोडतोड घरातल्या कौतुकानेच होते. पाहुणा येतो, कपाटातलं १८७३ च्या नमुन्याचं नकली कोल्ट रिव्हॉल्व्हर उचलतो आणि घोडा ओढून खटाखट चाप दाबत सुटतो. माझ्या पहिल्या कोल्टचा घोडा असाच तुटला. ही शोभेची प्रतिकृती बार काढत नाही आणि ती जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असते. या धातूला झमाक म्हणतात. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची ती आद्याक्षरं. हाताला वजनदार लागतं, पण पोलादाचा चिवटपणा त्यात नाही. म्हणून घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली आणा, आणि मांडून ठेवताना स्प्रिंग ताणलेली ठेवू नका.

तुटलंच तर वेल्डिंगवाल्याकडे धावू नका. हा धातू ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे जोड बसण्याआधी तुकडाच ओघळेल. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद वापरा. मात्र जोडलेला घोडा पुन्हा ओढायचा नाही.

वरचा काळा रंग पातळ असतो. पितळेची पॉलिश घासली की खालचं करडं जस्त उघडं पडतं. कोरडं मऊ फडकं पुरे. कातडी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, शेजारी मांडा, पिस्तूल आत ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि पावसाळ्यात धातूवर पांढरी भुकटी येते.

घेताना नळी मोजा. मूळ कोल्टची घोडदळाची (कॅव्हलरी) नळी साडेसात इंच, आर्टिलरी साडेपाच आणि सिव्हिलियन पावणेपाच. आखूड नळीवर ‘कॅव्हलरी’ची चिठ्ठी दिसली तर विक्रेत्याला विचारा. माउझर सी ९६ या जर्मन पिस्तुलाच्या मुठीवरचा लाल ९ पहिल्या महायुद्धात ९ मिमी गोळीसाठी बनवलेल्या पिस्तुलांची खूण आहे; तो दिसला म्हणून १८९६ चा नमुना समजून जास्त पैसे मोजू नका.

आणि एक चूक मला खरंच भीती घालते: नळीचं नारिंगी टोक, म्हणजे बंदूक नकली असल्याची खूण, काळं रंगवणं. अमेरिकेत खेळण्यातल्या आणि नकली बंदुकांना ही खूण १९८८ च्या कायद्याने आली. ब्रिटनमध्ये हुबेहूब नकलांच्या विक्रीवर २००६ च्या कायद्याने बंधनं आहेत. आपल्याला ते जस्त आहे हे ठाऊक असतं, रस्त्यावरच्या पोलिसाला नाही. परदेशातून भारतात मागवायचं असेल तर पैसे भरण्याआधी कस्टम्सकडून लेखी विचारून घ्या. घर बदलताना प्रतिकृती कुलूपबंद पेटीत, बिलासकट न्या. पिशवीतून मूठ बाहेर डोकावता कामा नये.